संगणकाचा पाया : मदरबोर्डची निवड
(येरवडा येथे शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेले भाषण)



आपण ज्या येरवड्यात जमलो आहोत, त्याच्या नावाने एक चरखा ओळखला जातो. महात्मा गांधींच्या येथील कारावासाशी निगडित असलेला हा येरवडा चरखा एका पेटीत मिटतो. त्यातील प्रत्येक भागाला नेमलेली जागा असते. एखादा भाग मापाबाहेरचा निघाला तर पेटी मिटत नाही. सुटे भाग जुळवून घ्यावयाच्या संगणकाचेही तसेच आहे.

शाळेसाठी वा ग्रामपंचायतीसाठी असा संगणक घ्यावयाचा ठरला की, चर्चा होते ती प्रोसेसरची. मदरबोर्ड मात्र दुकानदार देईल तो! मीही हीच चूक केली. आमच्या वस्तीतील अभ्यासिकेसाठी वर्गणी जमवून आम्ही तेराव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर एका दुकानातून आणि एच ६१० चिपसेटचा मदरबोर्ड दुसऱ्या दुकानातून घेतला. दोहोंचे सॉकेट एलजीए १७००, म्हणून मी निश्चिंत होतो. बटण दाबताच पंखा फिरू लागला, पडदा मात्र काळाच राहिला. एक दुकानदार प्रोसेसरला दोष देई, दुसरा मदरबोर्डला. यात पंधरवडा गेला आणि परीक्षांचे अर्ज भरावयास आलेली मुले परत गेली. अखेर एका जाणत्या कारागिराने दोष ओळखला. मदरबोर्डमधील बायोस बाराव्या पिढीच्या काळातील होता व नव्या प्रोसेसरची त्याला ओळखच नव्हती. त्याने बाराव्या पिढीचा प्रोसेसर तात्पुरता बसवून बायोस अद्ययावत केला आणि संगणक सुरू झाला.

तेव्हा सॉकेट जुळले म्हणजे सर्व जुळले, असे समजू नये. आपला प्रोसेसर बायोसच्या कोणत्या आवृत्तीपासून चालतो, हे उत्पादकाच्या यादीत पाहावे आणि ती आवृत्ती असल्याचे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

रॅमचेही पथ्य आहे. एलजीए १७०० चे काही मदरबोर्ड डीडीआर ४, तर काही डीडीआर ५ रॅम घेतात. एकीची खाच दुसरीच्या जागेत बसत नाही. एएमडीच्या एएम ५ सॉकेटला डीडीआर ५ च लागते. आकाराबद्दल इतकेच की, २४४ मिलिमीटर चौरसाचा मायक्रो एटीएक्स मदरबोर्ड मोठ्या एटीएक्स कॅबिनेटमध्ये बसतो. उलट जमत नाही.

इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या क्रमांकाअखेर ‘एफ’ असते, त्यात चित्रयंत्रणा नसते. वेगळे ग्राफिक्स कार्ड न घेता तो बसविल्यास मदरबोर्डवरील पडद्याच्या जोडण्या निरुपयोगी ठरतात. स्वस्त मिळतो म्हणून फार जुना मदरबोर्डही घेऊ नये. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असून विंडोज ११ ला टीपीएम २.० ची सोय आवश्यक आहे.

दरपत्रकांत आजही ‘इंटेल मदरबोर्ड’ एवढाच उल्लेख आढळतो. वस्तुतः डेस्कटॉप मदरबोर्डच्या व्यवसायातून बाहेर पडण्याचे इंटेलने २०१३ मध्येच जाहीर केले होते! अशा मोघम शब्दांवर कोणतीही वस्तू माथी मारता येते. म्हणून मागणीत सॉकेट, चिपसेट, रॅमचा प्रकार व जोडण्या स्पष्ट नमूद कराव्यात आणि देयकावर अनुक्रमांक घ्यावा.

एक बारीकशी गोष्ट राहिली. या नव्या सॉकेटमधील पिना केसासारख्या नाजूक असतात व त्यांवर प्लास्टिकचे झाकण येते. ते फेकू नये. मदरबोर्ड हमीखाली परत पाठविताना ते लावावे लागते, आणि पिना वाकलेल्या आढळल्यास हमी बहुधा नाकारली जाते.