प्राध्यापकांचे ग्रंथ आणि आपल्या घरातील पेटी
(वर्षावासानिमित्त विहारात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. प्राध्यापक मंडळींनी लिहिलेली नवी पुस्तके, संशोधकांनी जमविलेली ध्वनिमुद्रणे आणि कलाशिक्षकांची चित्रे ह्यांच्याशी आपला संबंध तो काय? नुकतीच धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबाने पंचशील शिकावे, बावीस प्रतिज्ञा पाळाव्या, मुलामुलींना शाळेत धाडावे. विद्वानांची उठाठेव त्याने कशासाठी करावी? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देण्यासाठीच मी आपणांपुढे उभा आहे.

प्रथम आपल्याच घरातील ग्रंथाकडे पाहू. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ आपण आदराने उंच फळीवर ठेवतो. मूळ इंग्रजी ग्रंथ बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला. तो प्रसिद्ध कोणी केला? मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयाच्या प्रकाशनाने. हे महाविद्यालय बाबासाहेबांनी स्थापिलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली काढले होते. स्वतः बाबासाहेब १९१८ ते १९२० ह्या काळात मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. तेव्हा प्राध्यापकाचा ग्रंथ ही आपल्या घराला परकी वस्तू आहे, हा समज आपण प्रथम टाकून दिला पाहिजे.

आता अलीकडील काळाकडे वळू. शैलजा पाईक ह्या पुण्याच्या येरवड्यातील वस्तीत वाढल्या. आज त्या अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात इतिहासाच्या प्राध्यापिका आहेत. दलित स्त्रियांच्या शिक्षणाचा इतिहास सांगणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ २०१४ साली आला. तो लिहिण्यासाठी सरकारी दप्तरे पुरेशी नव्हती, कारण त्या दप्तरांत आपल्या आयाबहिणींचा आवाज फारसा उमटलेलाच नाही. म्हणून बाईंनी त्या स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांच्या आठवणींना इतिहासाच्या साधनांचा मान दिला.

त्यांचा दुसरा ग्रंथ २०२२ सालचा. त्याचा विषय तमाशातील दलित स्त्री. २०२४ साली पाईकबाईंना अमेरिकेतील मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, तेव्हा आपल्या वस्त्यांत पेढे वाटले गेले असतील. परंतु पेढे वाटणाऱ्यांपैकी किती जणांनी तो ग्रंथ चाळला? तो चाळला असता तर त्यांना सुखावह नसलेला एक प्रश्न भेटला असता. समाजाने त्या स्त्रीला नाचविले आणि त्याच समाजाने तिला ‘अश्लील’ ठरविले. आपल्या चळवळीने माणुसकीसाठी तमाशाकडे पाठ फिरविली, आणि त्यामागे मोठे दुःख आणि मोठा विवेक होता. परंतु तमाशा सोडताना त्यात पोट भरणाऱ्या बाईलाही आपण दाराबाहेर उभे केले काय? माझ्या मते ह्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक बौद्ध कुटुंबाने प्रामाणिकपणे शोधावयास हवे. स्वतःची अस्पृश्यता झुगारून देणाऱ्याने दुसऱ्या कोणासाठी नवी अस्पृश्यता शिल्लक ठेवणे हे प्रज्ञा, शील, करुणा ह्यांपैकी कशातच बसत नाही.

ग्रंथांनंतर ध्वनी. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ ह्या संशोधकांनी पुण्यात राहून महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या टिपल्या. पुढे फ्रान्सचे संशोधक बर्नार बेल ह्यांच्या साहाय्याने त्यांतील पुष्कळ ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या बायांनी बाबासाहेबांवर गाइलेल्या ओव्याही त्यांत आहेत. ज्या माउलीला अक्षरओळख नव्हती, तिने पहाटेच्या अंधारात दळता दळता आपल्या भीमरायाचे चरित्र रचले! जाती गेली, गिरण्या आल्या. ओव्या मात्र ह्या मुद्रणांमुळे उरल्या. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक असलेले डॉ. कृष्णा किरवले ह्यांनी ‘आंबेडकरी शाहिरी : एक शोध’ हा ग्रंथ लिहून आपल्या शाहिरांना अभ्यासविषयाची प्रतिष्ठा दिली. जलसेवाल्यांनी गावोगाव पायपीट करून जे पेरले, त्याची नोंद ह्या ग्रंथात झाली.

तिसरी गोष्ट चित्रांची. नागपूरला जन्मलेले सवी सावरकर ह्यांनी दिल्लीच्या कला महाविद्यालयात अध्यापन केले. गळ्यात मडके आणि पाठीशी झाडू घेऊन पेशवाईत वावरणारा अस्पृश्य आणि देवदासी हे त्यांच्या चित्रांचे विषय. ती चित्रे पाहून डोळे सुखावत नाहीत. ती सुखावण्यासाठी काढलेलीच नाहीत. आयोवा राज्य विद्यापीठातील कलेतिहासाचे प्राध्यापक गॅरी टार्टाकोव्ह ह्यांनी दलित कलेवरील एक ग्रंथ संपादित केला. तो २०१२ साली ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला. त्यापूर्वी, १९९० साली, त्यांनी नवबौद्धांच्या प्रतिमांवर लेख लिहिला होता. आपल्या भिंतीवरील बाबासाहेबांची निळ्या कोटातील तसबीर आणि शेजारची तथागतांची मूर्ती ह्यांना आपण वंदन करतो. एका कलेतिहासकाराने अशाच प्रतिमांत एका समाजाच्या पुनर्जन्माची खूण वाचली.

बंधूंनो, ह्या तीनही गोष्टींत एक समान सूत्र आहे. आईची आठवण, आजीची ओवी, भिंतीवरची तसबीर हीच ती सामग्री. तिचा पुरवठा आपल्या घरांतून झाला आहे. घरात पडून असताना आपण तिला अडगळ म्हणतो आणि विद्यापीठात ती पोहोचली की तिला ज्ञान म्हणतो. हे अंतर मिटविणे आपल्या हाती आहे. त्यासाठी मी तीन कर्तव्ये सुचवितो.

पहिले कर्तव्य वाचकाचे. विहारात आपण दर रविवारी वंदनेसाठी जमतो. वंदनेनंतर अर्धा तास अशा एखाद्या ग्रंथाचे एक प्रकरण वाचावे. ग्रंथ इंग्रजीत असेल तर महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीने त्याचा सारांश मराठीत सांगावा. त्यात तिचाही अभ्यास होईल. गावात चित्रप्रदर्शन भरले तर मुलांना घेऊन जावे. तेथे आपणांस कोणी हटकणार नाही. आणि हटकलेच तर आपला हक्क सांगावा.

दुसरे कर्तव्य परीक्षकाचे. तथागतांनी केसपुत्ताच्या कालामांना सांगितले की, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही मानू नका. अनुभवाने आणि विवेकाने पारखून घ्या. हा उपदेश प्राध्यापकांच्या ग्रंथांनाही लागू आहे. बाबासाहेबांनी १९५० साली त्या वेळच्या औरंगाबादेत जे महाविद्यालय काढले, त्याचे नाव पुढे मिलिंद झाले. हे नाव, भिक्खू नागसेनांना एकामागून एक अवघड प्रश्न विचारणाऱ्या राजाचे आहे. प्रश्न विचारणाऱ्याचा असा गौरव ज्यांच्या परंपरेत आहे, त्यांनी पदवी पाहून मान तुकविणे शोभत नाही. आपल्या जीवनाविषयी कोणी चुकीचे लिहिले असेल, तर त्यास नम्रतेने परंतु स्पष्टपणे पत्र लिहावे. संशोधक घरी आला तर चहा जरूर द्यावा, आणि त्याबरोबर विचारावे: हे कशासाठी लिहिता? नाव छापणार काय? आम्हांस प्रत मिळेल काय? संमती देणे वा नाकारणे हा आपला अधिकार आहे.

तिसरे कर्तव्य रक्षकाचे, आणि ते मला सर्वांत निकडीचे वाटते. प्रत्येक घरात एक पत्र्याची पेटी असते. तिच्यात आजोबांचा शाळेचा दाखला, दीक्षेच्या वेळचे छायाचित्र, एखादे जीर्ण पत्र असते. ह्या कागदांना दुहेरी मोल आहे. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांचा अनुसूचित जातींच्या यादीसंबंधीच्या आदेशात समावेश झाला. आजही मुलाचा जातीचा दाखला काढताना वाडवडिलांच्या जुन्या नोंदीच कामी येतात. तोच कागद उद्या इतिहासाचे साधनही ठरेल. म्हणून छायाचित्राच्या मागे गाव, साल आणि माणसांची नावे आजच लिहून ठेवा. आजी गाणे म्हणत असेल तर तिच्या अनुमतीने, आता प्रत्येकाच्या खिशात असलेल्या फोनवर, ते मुद्रित करा. आरंभी तिचे नाव, गाव आणि तारीख बोला. छायाचित्राला वाळवी लागली तर कदाचित दुसरी प्रत मिळेल. आजी गेल्यावर तिच्या ओवीची प्रत कोठून आणणार?

मिलिंदचेच एक प्राध्यापक गंगाधर पानतावणे ह्यांनी ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक वर्षानुवर्षे चालविले आणि त्यातून खेड्यापाड्यांतील कितीतरी तरुण लिहिते झाले. एक प्राध्यापक वाचकाला लेखक करू शकतो, हे त्यांनी दाखविले. उद्याचा प्राध्यापक आज आपल्याच ओट्यावर बसून अभ्यास करीत असेल. तो किंवा ती जेव्हा आपल्या समाजाचा इतिहास लिहावयास घेईल, तेव्हा त्याला परक्यांच्या दप्तरांत चाचपडावे लागू नये. आपल्या घरातील पेटी त्याच्यासाठी भरलेली असावी, कोरडी असावी आणि तीतील प्रत्येक कागदावर नाव लिहिलेले असावे.

आज घरी गेल्यावर ती पेटी उघडा, एवढेच आपणांस विनवून मी माझे भाषण संपवितो. जयभीम!