वीस टक्क्यांचा आकडा

गोदीत आकडा म्हंजे गोणीत रुतवायचा हूक. जिल्हा परिषदेत आकडा म्हंजे बजेट. तो आपल्या पाठीत रुततो.

परिषदेनं स्वउत्पन्नातले २० टक्के मागासवर्गीयांवर खर्चायचे, हा नियम. १९७९-८० पासून विशेष घटक योजना, लोकसंख्येइतका वाटा. २०११ च्या जनगणनेत राज्यात अनुसूचित जाती ११.८ टक्के. कागद चोख! वस्तीचा पाच सालांचा बृहत आराखडाबी होतो. आमच्या वस्तीचा नळ त्यात आहे. पाणी नाही. ३१ मार्चला बिलं निघतात, गटार तुंबलेलंच.

साहेब म्हणतो, "पुढच्या आराखड्यात बघू." आईनं तहान पुढच्या आराखड्यात ढकलायची काय?

गोदीत एक गोणी कमी भरली तर टॅली क्लार्क काम थांबवतो. आपल्या गोण्या कोण मोजतं? रविवारी माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला बसतोय. लिहिता येणाऱ्यांनी या.