जुन्या बांधाचे राखणदार

(निडी येथील व्याख्यानाचा संपादित सारांश)



पेणपासून रोह्यापर्यंतच्या खारपट्ट्यात बांधाचे महत्त्व कोणाला समजावून सांगावे लागत नाही. बांध घालणाऱ्यांची नावे गाव विसरते. पण खेकड्याचे बीळ वेळीच बुजवले नाही आणि उधाणात खांड गेली, तर त्या वर्षीचे भात जाते, शिवाय खारावलेली जमीन लवकर साथ देत नाही. संगणकाच्या जगातही असे जुने बांध आहेत. त्यांपैकी एक फुटल्याची झळ याच रायगड जिल्ह्याला बसलेली आहे.

२७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाच्या घातक आज्ञावलीने युक्रेनमधून जगभर हात-पाय पसरले. डेन्मार्कच्या मर्स्क समूहाची यंत्रणा कोलमडली आणि न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात या समूहाकडे असलेल्या गेटवे टर्मिनल्स इंडियाचे काम ठप्प झाले. सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले, असे समूहाच्या अध्यक्षांनी पुढे जाहीरपणे सांगितले.

ही आज्ञावली दोन वाटांनी पसरली. एक वाट चोरलेल्या परवलीच्या शब्दांची. दुसरी वाट होती विंडोजच्या गाभ्यातील, म्हणजे कर्नेलमधील, एका जुन्या भगदाडाची. एका संगणकावरील फायली जाळ्यातून दुसऱ्याला वापरता याव्यात, यासाठी ‘एसएमबी’ ही पद्धत १९८३ मध्ये आयबीएममध्ये जन्मली. त्या काळी जाळे म्हणजे एका कचेरीतील मोजकी, परस्परांच्या ओळखीची यंत्रे. पुढे जाळे जगभर पसरले, तरी या पद्धतीची पहिली आवृत्ती जागच्या जागी राहिली. भगदाड बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. असंख्य ठिकाणी ती बसवलीच गेली नाही. मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ याच भगदाडातून शिरला होता. तो इशाराही अनेकांना पुरला नाही.

मग ते जुने काम मोडीत का काढले नाही, असा प्रश्न साहजिकच पडतो. उत्तर व्यवहाराचे आहे. जुने स्कॅनर, फायली साठवणाऱ्या पेट्या, कारखान्यांतील यंत्रे त्याच पद्धतीवर चालतात. ते एकदम काढले, तर चालती कामे बंद पडतात. ठेवले, तर धोका कायम. लिनक्सनेही २०१७ मध्ये हाच पेच सोडवला. ४.१३ या आवृत्तीपासून जुनी पद्धत आपोआप वापरली जाणे थांबले. ज्याला ती हवीच असेल, त्याने तसे स्पष्ट सांगावे, अशी व्यवस्था झाली. दार बुजवले नाही, पण त्याला कडी घातली.

असे निर्णय कोणीतरी घ्यावे लागतात. लिनक्समधील या भागाची धुरा स्टीव्ह फ्रेंच यांनी २००२ पासून वाहिली आहे. या कामाच्या सोबत असलेल्या श्रेयनामावलीत शिरीष पारगावकर हे मराठी कानाला ओळखीचे नावही आहे. कोणती फाइल कोणी उघडावी, हे ठरवणाऱ्या अनुमतीच्या नियमांवर वर्षानुवर्षे केलेल्या दुरुस्त्यांसाठी ते नोंदवले गेले आहे. अशा कामाचे उद्घाटन होत नाही. सगळे सुरळीत चालले, तर ते झाले हेही कोणाला कळत नाही.

राखणदार नसला की काय होते, हेही लिनक्समध्येच दिसले. त्याच पद्धतीचा ‘एसएमबीएफएस’ हा आधीचा भाग सांभाळायला कोणी उरले नाही आणि अखेर तो कर्नेलमधून काढून टाकावा लागला. कर्नेलच्या राखणदारांच्या यादीत अशा भागांसाठी ठरलेला शब्दच आहे, ‘अनाथ’.

आज पेण, नागोठणे, रोह्याच्या घराघरांतून मुले-मुली संगणकशास्त्र शिकत आहेत. नवे काही घडवण्याची त्यांची हौस रास्तच आहे. परंतु लिनक्सची संपूर्ण संहिता कोणालाही वाचता येते, दोष दाखवता येतो, दुरुस्ती पाठवता येते. त्यासाठी मुंबई-पुणे गाठावे लागत नाही. आणि ज्यांना संहितेची अक्षरे कळत नाहीत, त्या दुकानदारांनी, शाळांनी, पतसंस्थांनी एवढे तरी करावे: संगणकाची दुरुस्ती आली, तर ती उद्यावर टाकू नये. उधाण तिथी पाहून येते, हल्ला तिथी सांगून येत नाही.