वडिलोपार्जित घर : निगा आणि विक्री
(वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



अंबड, भोकरदन, परतूर या भागांतील आपली जुनी घरे बहुधा माळवदाची. भिंती मातीच्या, तुळया सागाच्या आणि वर पांढऱ्या मातीचा थर. मुले नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस गेली की घरास कुलूप लागते आणि दोन पावसाळ्यांत माळवद गळू लागते.

म्हणून विक्रीचा विचार असो वा नसो, मृगापूर्वी माळवदावरील गवत उपटावे, नवी माती चोपून बसवावी, पन्हाळी मोकळी करावी. तुळईस वाळवी लागली असल्यास ती बदलावी. चुना फासून झाकू नये. आपणांस ठाऊक असलेला, पण गिऱ्हाइकास सहज न दिसणारा मोठा दोष त्यास सांगणे, हे 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानेही विक्रेत्याचे कर्तव्य ठरविले आहे.

घराहून कागदपत्रांची हयगय अधिक होते. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर आजोबांचेच नाव असते आणि घरपट्टी थकलेली असते. पट्टी भरून वारसांची नोंद आधी करून घ्यावी.

आणि बहिणीस विसरू नये. हिंदु वारसा कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस मुलाइतकाच हक्क दिला आहे. तो भाऊबीजेच्या ओवाळणीत फिटत नाही. तिला केवळ सहीपुरते न बोलावता किंमत ठरवितानाच बोलवावे. घराचे पैसे वाटून घेता येतात. तुटलेले माहेर पुन्हा बांधता येत नाही.

इतके सांगून आम्ही आपली रजा घेतो.