वारसा साऱ्या शहराचा, डागडुजी मात्र भाडेकरूची



जुन्या वस्तीचे सौंदर्य साऱ्या शहराचे आणि तिच्या डागडुजीचा भार तेथे राहणाऱ्याचा, अशी वाटणी मुंबईत झाली आहे. ही वाटणी अन्याय्य तर आहेच. शिवाय तिने वारसाही वाचत नाही.

१९४७ च्या भाडे कायद्याने जुन्या घरांची भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. त्या संरक्षणामुळेच कारकून आणि कामगार शहराच्या मध्यभागी टिकले, हे विसरता कामा नये. पण घरमालकांनी दुरुस्तीतून अंग काढून घेतले. १९६९ साली कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापन करून उपकर बसवावा लागला, तो त्यामुळेच. १९९९ च्या कायद्याने वार्षिक ४ टक्के भाडेवाढ दिली. या दराने चक्रवाढ धरली तरी २० रुपयांचे भाडे २५ वर्षांत सुमारे ५३ रुपये होते. एवढ्यात सागवानी तुळई बदलता येत नाही.

१९९५ साली वारसा नियमावली आली. इमारतींच्या श्रेणी ठरल्या व बदलांवर नियंत्रण आले. हे योग्यच होते. परंतु ज्या मालकाचे बांधकामाचे हक्क या नियमांनी बुडतात, त्याला हस्तांतरणीय विकास हक्क देण्याची सोय झाली. खोलीत राहणारा भाडेकरू या हिशेबात कोठेच नाही.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना गॅलरीच्या टोकाच्या सामाईक संडासापर्यंत जाणे झेपत नाही, म्हणून कुटुंब खोलीतच संडास बांधते. पाणी झिरपून लाकडी वासे कुजतात. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला की ओल आत कोंडते व तुळयांची टोके सडतात. याला अडाणीपणा म्हणून चालणार नाही. चुन्याचे काम जाणणारा गवंडी त्या कुटुंबाला परवडत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

केवळ यादीत नाव घातल्याने इमारत टिकत नाही. काळा घोड्याजवळील एस्प्लनेड मॅन्शन वारसा यादीत होती. तरी २००५ साली तिच्या सज्जाचा भाग कोसळला आणि २०१९ साली ती रिकामी करावी लागली.

याहून वेगळा मार्ग इटलीतील बोलोन्या शहराने दाखवला. तेथील कम्युनिस्ट नगरपालिकेने १९७३ साली सार्वजनिक गृहनिर्माणाचा पैसा जुन्या शहरातील घरांच्या दुरुस्तीकडे वळवला. खाजगी घरे ताब्यात घेण्याचा मूळ विचार विरोधामुळे सोडावा लागला. पण ज्या मालकांना अनुदान दिले, त्यांच्याशी भाडे मर्यादित ठेवण्याचे व जुने रहिवासी न हलवण्याचे करार केले गेले. भिंतीइतकीच माणसेही जपली पाहिजेत, हे तत्त्व त्यामागे होते.

मुंबईतही मागणी हीच असावी: सार्वजनिक मूल्याचा खर्च सार्वजनिक निधीतून व्हावा, चुना-लाकडाच्या कामासाठी तांत्रिक साहाय्य मिळावे, आणि दुरुस्तीनंतर त्याच भाडेकरूचा त्याच खोलीवरील हक्क लेखी असावा. कार्यकर्त्यांनी चाळ समित्यांमध्ये बसून या तीन कलमांवर सह्या गोळा कराव्यात. पुढचा पावसाळा येण्यापूर्वी एवढे काम सहज होण्यासारखे आहे.