आवाजाभोवतीची जागा



पुण्याजवळच्या वाकडहून हिंजवडीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोहो अंगांना गेल्या पंचवीस वर्षांत ज्या उत्तुंग इमारती उभ्या राहिल्या, त्यांतील एखाद्या घरी दहा बाय बाराची अशी एक खोली आढळते, जिच्या भिंतींवर गोधड्या टांगलेल्या असतात, पंखा थांबवलेला असतो, आणि दिवसभर संगणकावर चाकरी करून आलेला कोणी तरुण, महामार्गावरच्या मालमोटारींची वर्दळ ओसरण्याची वाट पाहून, मध्यरात्रीच्या सुमारास मायक्रोफोनसमोर अभंग गात असतो. पूर्वी ज्या यंत्रांसाठी मोठ्या स्टुडिओंतून स्वतंत्र दालने राखून ठेवावी लागत, ती सारी आज त्याच्या मेजावरच्या संगणकात सामावली आहेत. साधने सामान्य माणसाच्या हाती आली याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु ती नेमके काय करतात हे समजून घेण्याची तसदी फार थोडे लोक घेतात, आणि त्याचे परिणाम आपल्या मांडवांतून आणि सभागृहांतून ऐकू येतात, म्हणून आज या विषयाची थोडी फोड करावी असे योजिले आहे.

त्या तरुणाने मुद्रित केलेला आवाज प्रथम ऐकला, तर तो कोरडा आणि उघडा वाटतो. गळा तोच, सूर तोच. उणी असते ती जागा. गाभाऱ्यात, वाड्याच्या चौकात किंवा साध्या ओसरीवर आपण जो आवाज ऐकतो, तो गायकाच्या मुखातून सरळ कानी येतो, आणि त्याच्या मागोमाग भिंतींवर, छतावर, फरशीवर आदळून परतलेली त्याचीच असंख्य रूपे येत राहतात. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. परतलेला ध्वनी एक विसांश सेकंदाच्या आत आला, तर कान त्याला मूळ आवाजातच मिसळून घेतो आणि आवाज भरदार वाटतो. तोच सतरा मीटरांवरच्या भिंतीवरून, म्हणजे एक दशांश सेकंदाने परतला, तर तो स्वतंत्र प्रतिध्वनी म्हणून उमटतो. विजापूरच्या गोल घुमटात वाजवलेली एक टाळी पुनःपुन्हा ऐकू येते ती याच न्यायाने. उलट, वाकडहून तासाभराच्या वाटेवर असलेल्या कार्ल्याच्या चैत्यगृहात, त्या सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट उंच पाषाणदालनात, कोणी एक स्वर लावला, तर त्याची निरनिराळी आवर्तने मोजता येत नाहीत. सारी एकमेकांत विरघळून एकच झंकार रेंगाळत राहतो. पहिल्या प्रकाराला ध्वनिमुद्रक इको किंवा डिले म्हणतात, दुसऱ्याला रिव्हर्ब, म्हणजेच घुमार. आपल्याकडचे साउंडवाले मात्र दोहोंना सरसकट इको म्हणूनच ओळखतात.

ही जागा कृत्रिम रीतीने निर्माण करण्याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. शिकागोच्या बिल पुटनम यांनी १९४७ साली स्टुडिओच्या स्नानगृहात लाउडस्पीकर आणि मायक्रोफोन ठेवून तेथला घुमार गाण्यात मिसळला. दहा वर्षांनी जर्मनीतील ईएमटी या कंपनीने पोलादाचा एक भला मोठा पत्रा चौकटीत ताणून टांगला, आणि त्याच्या कंपनांतून दालनाचा आभास उत्पन्न केला. आजचा संगणक याच्याही पुढे गेला आहे. एखाद्या देवळात फुगा फोडून, त्या क्षणिक स्फोटानंतर देऊळ किती काळ आणि कोणत्या स्वरांत घुमत राहते याची नोंद घ्यावयाची, आणि गाण्याच्या प्रत्येक सूक्ष्म अंशाला तीच घुमाराची शेपटी गणिताने जोडावयाची, की वाकडच्या खोलीतला अभंग त्या देवळात गायल्यासारखा भासू लागतो. यात कसलीही लबाडी आहे असे मी मानीत नाही.

मुद्रित आवाजावरच्या उरलेल्या संस्कारांविषयी थोडक्यात सांगतो. महामार्गाची जी घरघर गोधड्यांनाही जुमानत नाही, ती बहुतांशी सेकंदाला ८० कंपनांच्या खालची असते, आणि गात्या गळ्याला त्या भागाची गरज क्वचितच भासते. म्हणून तेवढा भाग इक्वलायझरने छाटून टाकणे हे पहिले काम. कॉम्प्रेसरचे काम आवाजातील चढउतार आटोक्यात ठेवण्याचे. त्याला एक मर्यादा ठरवून द्यावयाची, आणि चारास एक असे प्रमाण ठेवले तर आवाज त्या मर्यादेच्या वर आठ डेसिबल चढू पाहताच त्याला दोनच चढू दिले जातात. येथे घाई मात्र नडते. पखवाजाच्या थापेचा सारा जोम तिच्या आरंभीच्या काही सहस्रांश सेकंदांत असतो. कॉम्प्रेसरने त्याच क्षणी हात घातला, तर ती थाप बोथट होते, आणि वीस-तीस सहस्रांश सेकंद थांबून घातला, तर थाप शाबूत राहून मागचा नाद तेवढा आवरला जातो. पखवाज मुद्रित करणाऱ्याने हा एक फरक कानाने ओळखावयास शिकले, तरी पुष्कळ साधले.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे शब्दांच्या स्पष्टतेकडे येतो. पुणे आकाशवाणीने १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीपासून, ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण प्रसारित करण्यास आरंभ केला, आणि ती छप्पन्न गीते घरोघरच्या साध्या रेडिओवर पोचली. मध्यमलहरींवर ध्वनीच्या उंच कंपनांचा मोठा हिस्सा गळून जातो; तरीही शब्द अन् शब्द लोकांच्या मनावर कोरला गेला, कारण उच्चार स्वच्छ होता. भाषेतील अर्थाचा भार मुख्यतः व्यंजनांवर असतो, आणि व्यंजने स्वभावतःच दुबळी व क्षणजीवी. बळ असते ते स्वरांत. घुमार वाढवला की मागच्या अक्षराचा ‘आ’ किंवा ‘ओ’ रेंगाळतो आणि पुढच्या अक्षरातील ‘त’, ‘क’, ‘स’ गिळून टाकतो. अभंगाचा नाद उरतो, अभंग हरवतो.

आपल्या गृहसंकुलांतील सभागृहे तर चकचकीत फरशी, काच आणि सिमेंट यांचीच बनलेली असतात. हार्वर्ड विद्यापीठाच्या वॉलेस सेबाइन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, रात्रीच्या शांततेत सभागृहातील आसनांवरच्या गाद्या आतबाहेर करून जे सूत्र बसवले, ते येथे लावून पाहावे. वीस मीटर लांब, बारा रुंद आणि चार उंच असे दालन रिकामे असता त्यातील घुमार चार सेकंदांच्या आसपास टिकतो. दीडशे माणसे येऊन बसली, की त्यांच्या वस्त्रांनी आणि देहांनी ध्वनी शोषला जाऊन तो दीड सेकंदावर येतो. मोकळ्या मैदानावरच्या मांडवाची गोष्ट निराळी. तेथे भिंतीच नसल्याने थोडा घुमार घातला तर तो शोभतो. परंतु ज्या दालनाचा स्वतःचाच घुमार इतका आहे, तेथे यंत्राने आणखी घुमार ओतणे आणि त्यावर हरिपाठ लावणे, हा श्रोत्यांवर आणि संतांच्या शब्दांवर उघड अन्याय आहे.

म्हणून ग्रामदैवत म्हातोबाच्या उत्सवात, गणेशोत्सवात किंवा हरिनाम सप्ताहात ज्यांच्याकडे ध्वनिव्यवस्थेचा बंदोबस्त असेल, त्या कार्यकर्त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे. सभागृह रिकामे असता इकोचे बटण ठरवू नका. माणसे स्थानापन्न होऊ द्या, आरंभी ते शून्यावर ठेवा, आणि मागच्या रांगेत अशा एखाद्या माणसाला बसवा, ज्याला तो अभंग पाठ नाही, कारण पाठ असलेल्याला न ऐकू आलेले शब्दही स्मरणाने ऐकू येतात. त्या माणसाला प्रत्येक शब्द उमजतो आहे तोवरच ते बटण पुढे सरकवा, आणि त्याने हात वर करताच मागे घ्या.