आरोप कळला पाहिजे, तोही आपल्या भाषेत



सीमाभागातल्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष सीमेच्या प्रश्नावर बोलतो, नाहीतर बोलीच्या गोडव्यावर. मी आज दोन्ही टाळणार आहे. माझा उभा जन्म फौजदारी वकिलीत गेला. लिहिणे चालू होते, पण ते पेशी आटोपल्यानंतरचे. तेव्हा ज्या विषयातले मला खरोखर चार शब्द कळतात, त्यावरच बोलतो. आपल्यापैकी कुणावर उद्या गुन्हा दाखल झाला, तर पहिल्या दिवशी काय करायचे?

हा प्रश्न साहित्याच्या मांडवात कशाला, असे काहींच्या चेहऱ्यावर मला दिसते आहे. मराठीतला सर्वांत गाजलेला फौजदारी खटला आठवा. १९०८ साली मुंबई हायकोर्टात टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला तो ‘केसरी’तल्या मराठी अग्रलेखांवर. ते अग्रलेख ज्यूरीपुढे गेले इंग्रजी भाषांतरातून. आपला मराठी मजकूर चुकीच्या इंग्रजीत मांडला आहे, हे टिळकांनी सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेत दाखवले. स्वतःची बाजू स्वतःच तासन्‌तास मांडली. ज्यूरी सातास दोन अशी फुटली आणि न्यायमूर्ती दावरांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली.  सांगायचे हे की एलएल.बी. झालेल्या, इंग्रजीवर हुकूमत असलेल्या माणसालाही भाषेचीच लढाई लढावी लागली. मग तुमच्या-माझ्या गुड्यातल्या, म्हणजे पाड्यातल्या, माणसाचे काय?

इथे तेलंगणात, उटनूरच्या परिसरात, माणूस घरी गोंडी, कोलामी नाहीतर लंबाडी बोलतो. बाजारात मराठी चालते. ठाण्यातला कागद तेलुगूत असतो आणि वरच्या कोर्टातला निकाल इंग्रजीत. निजामाच्या राज्यात तो कागद उर्दूत होता, एवढाच काय तो फरक. निजामाविरुद्ध लढणारा गोंड पुढारी कोमुरम भीम १९४० साली जोडेघाटला मारला गेला आणि सरकारला जाग आली. मग मानववंशशास्त्रज्ञ हैमेनडॉर्फ इथे आले, मारलावाईत राहिले. गोंडांच्या जमिनी कशा गेल्या, हे त्यांनी लिहून ठेवले आहे. कागद दुसऱ्याच्या भाषेत होता, हे त्यातले मोठे कारण. म्हणूनच मारलावाईला गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले आणि गोंडी वाचनमाला देवनागरीत छापली गेली. देवनागरी का, तर इथल्या ज्या थोड्या गोंडांना अक्षरओळख होती ती मराठीतून झालेली होती. आपल्या लिपीच्या नावावर या डोंगरात एवढी पुण्याई जमा आहे. तिचे काय करायचे, याकडे मी शेवटी येतो.

भीमाबद्दल आणखी एक गोष्ट सांगतात. पिकावर हक्क सांगायला आलेल्या जमीनदाराचा खून झाला आणि भीम परागंदा झाला, चांद्याला गेला, तिथून पुढे आसामच्या चहामळ्यांत. त्या काळी त्याच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. पण ‘भानगड झाली की पैनगंगा ओलांड’ हा सल्ला आजही वडीलधारी माणसे देतात, आणि तो आज घातक आहे. पलीकडचे ठाणे अलीकडच्या ठाण्याला फोन करते. पळालेल्याचा जामीन अवघड होतो, फरार म्हणून जाहीर झाला तर घरादारावर जप्ती येते. सीमेवरच्या माणसासाठी कायद्यानेच वाट करून ठेवली आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की गुन्हा दुसऱ्या राज्यात नोंदला गेला असला, तरी तुम्ही जिथे आहात तिथले सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय काही मर्यादित दिवसांचा अटकपूर्व जामीन देऊ शकते. तेवढ्या मुदतीत योग्य त्या कोर्टात जायचे. नदी ओलांडायचीच असेल तर असा आदेश खिशात ठेवून ओलांडा.

आता अटकेकडे येऊ. १ जुलै २०२४ पासून जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता गेली आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, गाभा बराचसा तोच राहिला. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर पोलिसांनी सरसकट उचलून न्यायचे नाही. अटकेची गरज का आहे हे त्यांना लिहावे लागते, नाहीतर कलम ३५ खाली हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते. नोटीस आली म्हणून घाबरून रानात जाऊन बसू नका. नोटीस पाळणाऱ्याला सहसा अटक होत नाही, न पाळणाऱ्याला होते.

अटक झालीच तर अटकेचा पंचनामा होतो. त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते आणि अटकेची तारीख नि वेळ लिहावी लागते. या वेळेच्या रकान्याकडे नीट बघत जा. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करण्याचे घड्याळ तिथून सुरू होते. माणूस सकाळी नांगरावरून उचललेला असतो आणि कागदावर वेळ पडते रात्री नऊची. म्हणून घरच्यांनी रडण्याआधी एक काम करावे: कोण आले, कोणत्या गाडीतून आले, किती वाजता नेले, हे पोराच्या वहीत लिहून ठेवावे आणि मोबाइलवरून वकिलाला लगेच पाठवावे. त्या वेळेचा निरोप कोर्टात पुरावा म्हणून दाखवता येतो. बाईला अपवाद वगळता सूर्यास्तानंतर अटक करता येत नाही. अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधीची परवानगी हवी.

आणि आता माझ्या भाषणाचा मुद्दा. घटनेचे कलम २२ सांगते की अटक केलेल्याला कारण कळवले पाहिजे. कळवले म्हणजे काय, यावर पाऊणशे वर्षे वाद चालला. पोलीस म्हणत, तोंडी सांगितले. डायरीत तशी ओळ असे, आरोपीचा अंगठा असे, प्रकरण संपे. ६ नोव्हेंबर २०२५ ला महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात, मुंबईच्या वरळीतल्या मोटार अपघाताच्या, सर्वोच्च न्यायालयाने हा वाद मिटवला. कोणताही गुन्हा असो, अटकेची कारणे लेखी द्यायची आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्यायची. तेव्हाच्या तेव्हा लिहून देणे शक्यच नसेल तर तोंडी सांगावे, पण रिमांडसाठी मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी लेखी कागद हातात पडला पाहिजे. नाहीतर अटक बेकायदा.

हा निकाल ज्या आरोपीच्या खटल्यात झाला तो श्रीमंत घरातला होता, याबद्दल मुंबईत पुष्कळ नाके मुरडली गेली. मुरडू द्या. त्या निकालाची खरी गरज आहे ती उटनूरला, नारनूरला, गादीगुड्याला. जंगल तोडले म्हणून, पोडूची, म्हणजे जंगल साफ करून केलेली, जमीन कसली म्हणून, तुरीच्या ओळीत गांजाची झाडे सापडली म्हणून ज्यांना नेतात, त्यांना आपल्यावर नेमका कोणता आरोप आहे हे अनेकदा दोषारोपपत्र आल्यावर कळते. ते आले तरी वाचून कोण दाखवणार? आता तुम्ही ठाण्यात म्हणू शकता: साहेब, मला तेलुगू वाचता येत नाही, मराठीत लिहून द्या. हे म्हणणे उद्धटपणा नाही, देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे.

मॅजिस्ट्रेटपुढची ती पहिली पेशी मी असंख्य वेळा पाहिली आहे. मिनिटभराची असते. साहेब विचारतात, ‘काही तक्रार आहे का?’ पोलीस बाजूलाच उभा असतो. माणूस मान हलवतो, ‘नाही.’ कधी प्रश्नच कळलेला नसतो. ते एक ‘नाही’ पुढे वर्षानुवर्षे नडते. मारले असेल तर तिथेच सांगायचे, वैद्यकीय तपासणी मागायची. कारणांचा कागद मिळाला नसेल तर तिथेच सांगायचे. वकील नसेल तर तिथेच मागायचा. कसाबच्या अपिलावर २०१२ साली निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की पहिल्यांदा हजर केलेल्या आरोपीला वकिलाचा हक्क सांगणे आणि नसेल तर सरकारी खर्चाने देणे, हे मॅजिस्ट्रेटचे कर्तव्य आहे. कसाबला जो हक्क मिळाला तो माझ्या कोलाम भावाला नको का?

जबाबाचे म्हणाल तर थोडक्यात. पोलिसांपुढची कबुली पुरावा होत नाही. पोलिसांना दिलेल्या जबाबावर सही करावी लागत नाही, आणि कोऱ्या कागदावर सही-अंगठा तर कधीच नाही. नाव-गाव खरे सांगा. जे उत्तर तुम्हालाच गुन्ह्यात अडकवेल ते देण्याची सक्ती नाही. ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांनी पोलिसांच्या लेखी प्रश्नांना उत्तरे द्यायला नकार दिला आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा हा हक्क चौकशीच्या टप्प्यापासूनच मानला. माजी मुख्यमंत्र्यांना जे करता आले ते गुड्यातल्या बाईलाही करता येते. मात्र सावध राहा: वनखात्याच्या अधिकाऱ्यापुढच्या जबाबाला पोलिसांपुढच्या कबुलीसारखे संरक्षण मिळेलच असे नाही. जंगलाच्या खटल्यांत माणसे तिथेच फसतात.

जामिनाची तर आमच्या सीमेवर वेगळीच गंमत. किनवटचा माणूस आदिलाबादेत पकडला, जामीन मंजूर झाला, आणि मग जामीनदार हवा तो ‘इथला’. त्याचा भाऊ सातबारा घेऊन येतो, तर कोर्टातला बाबू म्हणतो तेलंगणाचे पट्टादार पासबुक आणा. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा याच आदिलाबाद जिल्ह्यात होते, पण हे बाबूला सांगून उपयोग नसतो. मोतीराम नावाच्या गवंड्याच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी १९७८ सालीच ही अट झोडपली होती. दहा हजारांचा जामीन त्यांनी हजारावर आणला आणि जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला आहे म्हणून नाकारता येणार नाही, असे सांगितले. २०२३ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितले की स्थानिक जामीनदाराची अट घालू नये, आणि महिनाभरात जामिनाची पूर्तता झाली नाही तर कोर्टाने स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करावा. हे निकाल वकिलाच्या फायलीत हवेत. आणि साठ दिवसांत, गंभीर गुन्ह्यात नव्वद दिवसांत, दोषारोपपत्र आले नाही तर जामीन हा हक्क होतो. पण तो मागावा लागतो. तुम्ही अर्ज करण्याआधी दोषारोपपत्र दाखल झाले की हक्क गेला.

एका सल्ल्याची मला मनापासून चीड आहे. ‘कबूल कर, दंड भर, मोकळा हो.’ तारखांना कंटाळलेल्या माणसाला हे गोड वाटते. रोज बुडत नाही, बसभाडे वाचते. पण कबुली म्हणजे दोषसिद्धी, आणि ती पोराच्या पोलीस भरतीच्या किंवा शिक्षकाच्या अर्जात आडवी येते. गुन्हा केला असेल तर कबूल करण्यात कमीपणा नाही, कायद्यात शिक्षेबाबत वाटाघाटीची तरतूदही आहे. केला नसेल तर दोनशे रुपयांच्या दंडासाठी जन्माचा डाग घेऊ नका. आपल्या राय सेंटरमध्ये, म्हणजे गोंडांच्या पंचायतीत, बांधाची भांडणे मिटतात, मिटवावीत. बाईवरचा अत्याचार मात्र तिथे मिटवायचा नसतो, कायद्याने तो मिटतही नाही.

निरपराध माणूस आपोआप सुटतो असे ज्यांना वाटते त्यांनी महाराष्ट्रातले एक प्रकरण वाचावे. भटक्या जमातीतले सहा मजूर. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ साली सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेप केली, तर २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाजणांना फाशीच सुनावली. आणि ५ मार्च २०१९ ला त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. साक्षीदाराने आधी छायाचित्रांत भलतेच चौघे ओळखले होते आणि तो धागा तपासलाच गेला नव्हता. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई. त्यांची सोळा वर्षे तुरुंगात गेली होती.

आता आपल्या लिपीच्या पुण्याईचे बोलतो. या मांडवात मराठी, तेलुगू आणि गोंडी तिन्ही जाणणारे पंचवीस-तीस जण तरी बसले असतील. कवितांचे अनुवाद करता, जरूर करा. पण या संमेलनाने एक सोळा पानांची पुस्तिका काढावी, मराठीत आणि गोंडीत, देवनागरीत: अटकेपासून जामिनापर्यंत काय मागायचे आणि काय बोलायचे नाही. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत ती वाटावी. ठाण्यात, कोर्टात दुभाषा लागला तर कुणाला हाक मारायची, त्यांची नावे गावोगावी कळू द्यावीत. छपाईचा खर्च मी उचलतो, मजकूर तुम्ही लिहा. आणि पुस्तिका छापून होईपर्यंत एवढे घरी जाऊन सांगा: विधी सेवा प्राधिकरणाचा टोल फ्री क्रमांक १५१०० आहे, आणि आदिवासी, अनुसूचित जाती, स्त्रिया, मुले आणि कोठडीत असलेला कोणीही, यांना उत्पन्न न विचारता सरकारी खर्चाने वकील मिळतो.